हबीबभाई आणि चंद्रावर गेलेली माणसं

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत गाडी लावण्यावरून भांडणं होतात, नळाच्या पाण्यावरून तर रोजच. पण चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांशी उभा दावा असलेला गृहस्थ एकच, आमचे शेजारी हबीबभाई.

"गेले तर गेले," ते म्हणतात. "कुणाला इचारून गेले?"

शहागंजात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अर्ध्या शहराच्या नाकावर त्यांनी चष्मे चढवले, स्वतः मात्र ऐंशीला टेकले तरी बिनचष्म्याचे. रमजानच्या शेवटी सूर्य मावळला की गल्लीतले आम्ही सगळे त्यांच्या गच्चीवर जमायचो. आम्ही विजेच्या तारेकडं, बगळ्याकडं बोटं दाखवत असताना हबीबभाई शांतपणे म्हणायचे, "हौ. दिसला." ईदचा चाँद दरवर्षी पहिल्यांदा त्यांनाच. मला त्यांचा असा हेवा वाटायचा की मी चक्क दुर्बीण विकत आणली. ती नीट लागेपर्यंत खाली गल्लीत फटाके सुरू झालेले असायचे.

मी त्यांच्यावर जळायचो आणि ते आकाशात गेलेल्या प्रत्येकावर. रशियानं कुत्री वर पाठवली, तर "कुत्रीला काय कळतंय चाँदातलं?" पहिला माणूस पृथ्वीला चक्कर मारून आला, तर "फिरला. उतरला कुठं?" पुढं दोघंजण खरोखरच चंद्रावर उतरले. ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा हबीबभाईंनी रेडिओ बंद केला आणि गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरची काच बसवून दिली. हे ते अजून दातओठ खात सांगतात.

आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा अख्खी गल्ली आमच्या टीव्हीपुढं होती. "कायकू टाळ्या वाजवायलेत? त्याच्यात माणूस तर नाय," असं म्हणून हबीबभाईंनी दुसरा पेढा उचलला.

त्यानंतरच्या ईदला चमत्कार झाला. चाँद पहिल्यांदा मला दिसला, तोही दुर्बिणीशिवाय! "तो बघा, टाकीच्या वर!" मी ओरडलो आणि छाती फुगवून हबीबभाईंच्या पुढ्यात उभा राहिलो. त्यांनी चाँद पाहिला, मग माझं तोंड पाहिलं आणि तडक जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचं बोलावणंही आलं नाही.

जळले, मी म्हटलं. मला फार बरं वाटलं. पण शीरखुर्मा चुकल्याची हळहळ काही जाईना, म्हणून दोन दिवसांनी मीच गेलो.

"एवढं काय मनाला लावून घेता? एकदा मला दिसला तर दिसला."

"तसं नाय हो, साहेब." हबीबभाई खाली बघत बोलत होते. "आमच्या घरात चाँद दिसला की लगेच आपल्या माणसाचा चेहरा बघतेत. महिना चांगला जातो. जमिला होती तवर मी तिचाच बघायचो."

जमिलाभाभी, त्यांची बायको, जाऊन सात-आठ वर्षं झाली होती.

"आता चाँद दिसला की मी आधी डोळे मिटतो. ती दिसते. मग तुम्हाला सांगतो, दिसला म्हणून. ह्या बारीला डोळे मिटायच्या आधी तुम्हीच समोर आलात."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

मग त्यांनी विचारलं, "ते दोघं चंद्रावर उतरले ना, तवा त्यांच्या बायका कुठं व्हत्या?"

"घरी. इकडं, पृथ्वीवर."

"च्च," हबीबभाई म्हणाले. "बिचारे. मी उगीच जळलो त्यांच्यावर."