फर्डिनंड सरांचं सोपं इंग्रजी

१९७८ च्या उन्हाळ्यात पापडी गावच्या फर्डिनंड सरांनी ठरवलं, की देवाला साधं इंग्रजी बोलायला लावायचं. जुन्या इंग्रजी बायबलातले शब्द शाळेतल्या पोरांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकत. सरांनी त्यातलं योहानाचं शुभवर्तमान सोपं करून टाकलं आणि मेव्हण्याच्या मुलीच्या, रोझलिनच्या, लग्नात त्यातलाच उतारा वाचायचा घाट घातला. नवरामुलगा वांद्र्याचा. एक वाचन इंग्रजीत होणारच होतं.

फादर एडवर्डांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सोपं आहे असं तुम्ही म्हणता. लग्नाआधी एका तरी माणसाला ऐकताक्षणी कळू द्या, मग खुशाल वाचा."

"मांडववाल्या नथूला कळलं तर?"

फादर हसले. नथू सरांचाच विद्यार्थी. इंग्रजीच्या पेपरावर स्वतःचं नाव लिहून घरी जाणारा.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मेव्हण्याच्या, म्हणजे मायकलच्या, अंगणात वांद्र्याचे व्याही चहा घेत बसले होते. नथूने नुकताच कर्णा माडाला बांधला होता. सरांनी माइक घेतला, डोळे मिटले आणि येशूने पाण्याची वाईन केली तो काना गावच्या लग्नाचा उतारा सुरू केला.

"द वाईन इज फिनिश्ड! वॉट विल द गेस्ट्स ड्रिंक? फिल ऑल द बिग पॉट्स विथ वॉटर!"

नथू शिडीवरून जवळजवळ पडलाच.

"मायकलदादा, वाईन संपली. सर बोलतात, पिंपं पान्याने भरा."

"संपली? अरे, अजून बूच उघडलं नाही!"

मायकल कोठीकडे धावला. कोठीला कुलूप, किल्ली बायकोकडे, क्लाराकडे, आणि क्लारा चर्चमध्ये फुलं लावायला गेलेली. तोवर नथूने विहिरीवरचा पंप चालू केला होता.

"नाऊ," कर्णा गरजला, "गिव्ह इट टू द गेस्ट्स!"

व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मायकलभाई, होतं असं कधीकधी. मी टॅक्सी पाठवतो, घरून दोन खोके आणतील."

मायकलचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी वाईन आणायची! एवढ्यात अख्खी पापडी मदतीला धावली. कोणाकडे मनुकांची घरची वाईन, कोणाकडे जांभळाची. शेजारच्या सांडोरहून एक बरणी सायकलच्या कॅरिअरला बांधून आली. पंपाचं पाणी पिंपांवरून वाहून पाहुण्यांच्या बुटांत शिरलं.

"अहो, पुरे करा. डोळे उघडा," सरांची बायको सालोमी म्हणाली.

सरांनी डोळे उघडले. समोर बाटल्यांचं दुकान.

"भावोजी," मायकल दात आवळून म्हणाला, "वाईन संपली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"योहानाने. दुसरा अध्याय."

सगळ्यात आधी व्याही हसले. मग मायकलला हसण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. आलेली वाईन परत नेणं कोणालाच बरं दिसेना, त्यामुळे ती तिथेच, फार मनोभावे, संपवण्यात आली.

"नथू, कळलं ना रे तुला?" सरांचा ऊर भरून आला होता.

"सगलं कळलं, सर. जन्मात पहिल्यांदा."

तेवढ्यात फादर एडवर्ड झग्याखाली काहीतरी लपवत धापा टाकत आले. ती बाटली होती.

"फादर, तुम्हीसुद्धा?"

"मलासुद्धा लगेच कळलं," फादर ओशाळून म्हणाले. "भाषांतर उत्तम आहे."

"मग उद्या वाचू?"

"उद्या जुनंच वाचा. मला लग्न लावायचं आहे."

दुसऱ्या दिवशी सरांनी जुन्या इंग्रजीत, जड अंतःकरणाने, वाईन संपल्याचं जाहीर केलं. सगळ्या चर्चने भक्तिभावाने माना डोलावल्या. जागचं कोणी हललं नाही.