सायलेन्सरमधला खोकला

निर्णय तसा किरकोळच होता. गाडीचा रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवरचा लगाम, जरा खाली आणायचा, बस्स. पण किरकोळ निर्णयांची गंमत अशी, की घेताना माणूस एकटा असतो आणि निस्तरताना सगळं घर गोळा होतं.

जावई पार्सल ऑफिसात कारकून होता. (त्याला सगळे जावईच म्हणत. खरं नाव बायको फक्त चिडली की काढायची.) सासरे गेले आणि त्यांची लाल, बुटकी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार त्याच्याकडे आली. सासरे ती इतकी जपून चालवत, की मागून सायकलवाले घंटी वाजवत. जावयाने मात्र थेट शर्यतीत नाव घातलं. शर्यत साधी होती. जुन्या धावपट्टीवर उभं राहायचं आणि हिरवा दिवा लागला की सरळ सुटायचं. दिवा लागला, बाकीचे गेले, आणि याची चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. धूर एवढा झाला, की आगीचा बंब आला.

“भाऊजी, लॉन्च कंट्रोल लावा,” मेहुणा फोनवर म्हणाला. तो शर्यतीच्या गाड्यांचं ट्यूनिंग करायचा. “गाडी उभी, क्लच दाबलेला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. लिमिटर इंजिनाला ठरल्या फेऱ्यांपुढे जाऊ देत नाही, मधल्या ठिणग्या गाळतो. क्लच सोडला की गाडी बाणासारखी सुटते. फेऱ्या जास्त ठेवल्या तर चाकं गरगरतात, कमी ठेवल्या तर इंजिन दम टाकतं. मधला आकडा शोधावा लागतो. मी येऊन करून देतो.”

“तू कशाला त्रास घेतोस?” जावई म्हणाला. “करतो मी.”

सगळं रामायण या दोन शब्दांचं.

रविवारी दुपारी धुकं असं उतरलं होतं, की गॅरेजचं शटर वर केल्यावर अंगणातल्या दोरीवरच्या चादरी तेवढ्या दिसत होत्या, दोरी दिसत नव्हती. गाडीचं तोंड अंगणाकडे होतं आणि पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे. जावयाने लॅपटॉप जोडला, आकडा खाली आणला, क्लच दाबला आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेला. इंजिन फुरफुरलं आणि सायलेन्सरमधून आवाज आला.

खॅक्. मग जरा थांबून, खॅक्-खॅक्.

जावयाच्या मानेवर काटा आला. हा सासऱ्यांचा खोकला होता! एक, मग विराम, मग दोन. जावई काही बोलला, की त्याचं म्हणणं खोडण्याआधी ते नेमके असेच खोकत.

मागे स्वयंपाकघराचं दार करकरलं.

“अहो? आलात?”

आवाज सासूबाईंचा होता, आणि खरी भीती त्याचीच होती. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत होत्या आणि त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं होतं, की घशाला काही झालेलं नाही, त्यांना बोलायचंच नाही. बायकोने हरप्रकारे प्रयत्न केले होते. शेवटी तीही त्यांच्याशी खुणांनीच बोलायला लागली होती.

जावयाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. उतरून सांगावं, आई, मी आहे. पण मागून पुन्हा आवाज आला.

“गप्प का झालात? रागावलात ना? दवाखान्यात मी चहा प्यायला खाली गेले आणि तुम्ही तेवढ्यात... मला काय ठाऊक हो! चहा ढवळत होते मी. तुम्ही जात होतात आणि मी साखर ढवळत होते.”

जावई सीटमध्ये खोल दबून बसला. हे असं घेऊन ही बाई इतके दिवस गप्प बसली होती?

“नाही ना रागावलात?”

त्याने हळूच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. खॅक्.

सासूबाई हसल्या की रडल्या, ते कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या मोकळ्या झाल्या. मुलगी कशी वाळलीय, मुलगा कसा फोन करत नाही, सगळं त्या सायलेन्सरला सांगायला लागल्या. जावई योग्य जागी खोकत होता. (आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाईंचं त्याच्याशी इतकं जमत होतं.)

“आणि जावई चांगला आहे हो. तुम्ही म्हणायचात तेवढा मठ्ठ नाही.”

जावयाचा पाय निषेध म्हणून आपोआप खाली गेला. खॅक्-खॅक्!

“बरं बरं, आहे मठ्ठ. वाद नको.”

आता पुरे, जावयाने ठरवलं. त्याने उजवा पाय उचलून बाजूला ठेवला. डावा क्लचवरच होता, गाडी गिअरमध्ये होती. इंजिन शांतपणे घुमत राहिलं.

“तिकडे थंडी वाजते का हो?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

खॅक्.

जावयाने पायाकडे पाहिलं. पाय मॅटवर होता. आणि या वेळी आवाज मागून आला नव्हता. तो शेजारच्या रिकाम्या सीटवरून आला होता. तिथला पट्टा मंद हलत होता.

पुढे काय झालं ते जावयाला नीट सांगता येत नाही. भीतीने उजवा पाय धाडकन अ‍ॅक्सिलरेटरवर पडला आणि इंजिन किंचाळलं. डावा क्लचवरून उडाला. एक मात्र कबूल करायला हवं, लॉन्च अप्रतिम झाला. चाकं तसूभर गरगरली नाहीत. गाडी धुक्यात घुसली आणि चादरी अंगावर घेत कुंपणाच्या झुडपात नाक खुपसून बंद पडली.

चादरीच्या आत पांढरा काळोख होता. कुणीतरी चादर ओढून दार उघडलं. सासूबाई. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती की आश्चर्य नव्हतं. त्यांनी आधी शेजारच्या सीटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“जावईबापू, उतरा.”

“आई, ते मी...”

“उतरा म्हणते ना. गाडी दोघांचीच आहे.”

जावई उतरला. सासूबाई स्टिअरिंगसमोर बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्याने मेहुण्याला फोन लावला.

“अ‍ॅक्सिलरेटर न दाबता खोकली? शक्यच नाही, भाऊजी. तुमचाच पाय असणार.”

“पाय मॅटवर होता!”

“मग दुसऱ्या कुणाचा असेल,” मेहुणा हसत म्हणाला. जावई हसला नाही.

एवढ्यात बायको फाटकातून धावत आली. झुडपात गाडी, चिखलात चादरी आणि नवरा पांढराफटक.

“लागलं का तुला? आणि आत कोण आहे?”

“आई. बाबांशी बोलतायत.”

“बोलतेय? आई बोलतेय?” तिचे डोळे भरून आले. चादरींचं तिने नावही काढलं नाही. काचेला कान लावून ती कितीतरी वेळ उभी राहिली. धुकं आणखी दाट झालं. आतून सासूबाईंचा आवाज येई, मग थांबे, जणू समोरचं म्हणणं ऐकून घेतायत. मग पुन्हा येई. बायकोच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि अचानक तिने तोंडाला पदर लावला. ती हसत होती.

“काय म्हणतायत?” जावयाने दबक्या आवाजात विचारलं.

“बाबांचं काही ऐकू येत नाही,” बायको म्हणाली. “आई तेवढी म्हणतेय, ‘असू द्या हो, आता कुठे बदलून मिळतो जावई?’”