पाच वाजताचा नळ

पडद्यावरच्या पोराला स्ट्रेचरवरून आत नेलं, ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागला, आणि धुळ्याच्या त्या टॉकीजमध्ये पितांबरने ठरवलं, की आता उठायचं. त्याच्या घशात लिंबाएवढा गोळा आला होता. सिनेमा बघून रडणाऱ्या पुरुषाला त्याने ऑफिसात आजवर इतकं हसून घेतलं होतं, की स्वतः रडायची सोयच उरली नव्हती.

"चल ऊठ," तो बायकोला म्हणाला. "आज पाचला नळ येणार आहे."

धुळ्यात नळाचं नाव काढलं की बाई लग्नाच्या पंगतीतूनही उठते. सुनंदाने पदराने डोळे पुसले, घर गाठलं आणि हंडे-कळश्या ओळीने मांडल्या. नळ आला नाही. (येणारच नव्हता. त्यांच्या गल्लीची पाळी दोन दिवसांनी होती.)

पाण्याचं दुःख तिने गिळलं, पण पोराचं गिळेना. आपल्या अभिमनएवढं आठ वर्षांचं लेकरू, त्याला टेबलावर टाकून आपण हंडे भरायला आलो, हे तिच्या मनाला लागलं. चहा देताना ती विचारी, वाचलं असेल का हो? पितांबर म्हणे, असेल. असेल म्हणजे काय, असं म्हणून ती पुन्हा पदर डोळ्याला लावी. दुसऱ्या दिवशी तिने ताटावरून उठून जाऊन हात धुतला, तेव्हा मात्र पितांबर घाबरला.

ऑफिसात कुणाला विचारावं, तर तिथे त्याने सकाळीच अख्खा सिनेमा कोरड्या डोळ्यांनी पाहिल्याचं जाहीर केलं होतं. मग त्याला मेहुणा आठवला. शिंदखेड्याच्या जीवरामनेच हा सिनेमा आधी पाहून त्यांना बघायला लावला होता. जीवरामकडे फोन नव्हता. शेजारच्या रुपचंदशेठच्या किराणा दुकानात होता.

पितांबर रावेरकडचा. सासरची अहिराणी त्याला येत नसे, पण सासरच्या माणसांशी ती बोलायची त्याला भारी हौस. तासाभराने लाइन लागली. खरखर इतकी, की त्याने टेबलावर हात आपटत ओरडून सांगितलं, "जीवरामभाऊले सांगा, सुनंदा रडी ऱ्हायनी. पोऱ्या गया का वाचना?"

लाइनने 'गया'पर्यंतचं शिंदखेड्याला पोचवलं आणि पुढचं स्वतःकडे ठेवलं. शिवाय कुणाचा पोऱ्या, हे त्याने सांगितलंच नव्हतं. बापाने नुसतं 'पोऱ्या' म्हटलं की तो त्याचाच असतो, एवढी अहिराणी त्याला यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊला गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि सासूबाई, भागाबाई, हंबरडा फोडत उतरल्या. मागे जीवराम आणि दारावर आलेले सात नातेवाईक. (खानदेशात दुखवट्याला येण्याला दारावर येणं म्हणतात.) शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या. हाफ चड्डीतला अभिमन गोट्या खेळता खेळता उठला आणि म्हणाला, "आजी, जयभीम."

भागाबाईंचा हंबरडा मधेच तुटला. त्यांनी नातवाला चाचपलं, छातीशी धरलं आणि मग खऱ्या रडल्या. सगळं उलगडायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात पितांबरने तीनदा चहा टाकला आणि एकदा उतू घालवला.

"जवाईबुवा," भागाबाई उंबऱ्यावर बसत म्हणाल्या, "आमनी बोली येत नही, ते बोलानं नही."

पितांबरने मान खाली घातली. मग भागाबाईंनीच हळूच विचारलं, "मंग? वाचना का नही तो पोऱ्या?"

जीवराम तोंड उघडतो न उघडतो, तोच त्यांनी त्याला गप्प केलं. एवढ्या लांबून रडत आलो, आता डोळ्यांनीच बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुपारच्या खेळाला अख्खी रांग भरली. पितांबरला कडेची खुर्ची हवी होती, ती काही मिळाली नाही. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला बायको. लाल दिवा लागला तेव्हा तो शेंगदाणे आणतो म्हणून उठू लागला, पण भागाबाईंनी भीतीने त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. गोळा वर आला. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी तोंडावरचा मास्क काढला, पोर वाचलं म्हणाले. सगळ्या टॉकीजने सुटकेचा श्वास टाकला आणि त्या शांततेत पितांबर गळा काढून रडला.

जागा दाखवणारा बॅटरीवाला धावत आला. पुढच्या रांगेतून ऑफिसातले दोघे मागे वळून बघत होते.

"उगा ऱ्हा, जवाईबुवा. वाचना तो," म्हणत भागाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

सुनंदाने बॅटरीच्या उजेडात आधी नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग हातावरचं घड्याळ. आणि आईच्या कानाशी लागून, पण रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "परवा हे म्हणत होते ना, पाचला नळ येणार म्हणून? आज आला."