अकराच्या अकरा बारावे

शुक्रवारी सकाळी सात वाजता कुवेतमधल्या जहराच्या मैदानावर कॅप्टन फारूकनं गाडीच्या डिकीतलं खोकं फोडलं, वरचा पांढरा शर्ट उचलून विठ्ठल धुरीच्या अंगावर फेकला आणि विठ्ठलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शर्टावर पुढून आणि मागून वीतभर आकड्यांत लिहिलं होतं: १२.

क्रिकेट कळणाऱ्याला हा अपमान समजावून सांगायला नको. बारावा म्हणजे पाणीवाला. विठ्ठल आठवडाभर लोकांचे एसी दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी ‘हवल्ली कोकण इलेव्हन’ला पाणी पाजायचा. एक नाही, दोन नाही, सात वर्षं! या शुक्रवारी सलामीचा शैलेश सुट्टीवर गावी गेला, म्हणून कुठे विठ्ठल अकरा जणांत आला होता. ही बातमी त्यानं देवगडला बायकोला, अक्षदाला सांगितली होती आणि तिनं अख्ख्या वाडीला. आज वाडी व्हिडिओ कॉलवर सामना बघायला बसणार होती. आणि काय बघणार होती? बारा!

“फारूकभाई, मी आज खेळूक इलंय,” विठ्ठल गरजला. “पाणी वाटूक नाय! दुसरो नंबर द्या!”

“देतो रे बाबा,” म्हणत फारूकनं दुसरा शर्ट काढला. बारा. तिसरा काढला. बारा. खोकं रिकामं झालं तेव्हा डिकीत अकरा शर्ट होते आणि अकराच्या अकरांवर बारा.

शर्ट फुकटचे होते, आणि फुकटचं खोकं कोणी उघडून बघत नाही. फारूकच्या ऑफिसातला अमेरिकन साहेब कुवेत सोडून चालला होता. जाताना त्यानं हे खोकं फारूकला दिलं आणि पाऊण तास त्यावर भाषण केलं. फारूक दर वाक्याला ‘येस सर’ म्हणत राहिला.

त्याची कॉलेजात जाणारी मुलगी माहीन शर्टांच्या पाठीवरची नावं वाचू लागली. “स्टॉबॅक, ब्रॅडशॉ, नेमथ, ब्रेडी, रॉजर्स... ओ माय गॉड, अब्बा! दे आर ऑल क्वार्टरबॅक्स!”

“म्हणजे कोण गो?” विठ्ठलनं विचारलं.

“अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकतो तो. टीमचा बॉस. हे सगळे लेजंड्स आहेत, अँड ऑल ऑफ देम वोअर ट्वेल्व्ह.”

“बघ!” फारूकला जोर चढला. “साहेबानं हेच सांगितलंन. अमेरिकेत बारा म्हणजे राजा हाय, विठू! आणि सगळेच बारा म्हटल्यावर बारावा कोणीच नाय.”

“तुमचो बारा येगळो, माझो बारा येगळो,” विठ्ठल म्हणाला. “तुमी आज घालशात नि काढून टाकशात. माझ्या अंगावर तो सात वर्षां असा.”

पण शर्ट घालणं भाग होतं. मागच्या वर्षी स्पर्धेत तीन फारूक आणि चार सर्फराज निघाले होते, धावा कोणाच्या यावरून हाणामारी झाली होती, आणि तेव्हापासून कमिटीचा नियम होता: नाव चालणार नाही, नंबर हवा. विठ्ठलनं दात-ओठ खात शर्ट चढवला. खांद्यांत गाद्या घालून खेळणाऱ्यांची मापं ती. विठ्ठलवर तो शर्ट काठीवर वाळत घातलेल्या गोधडीसारखा लोंबत होता.

एवढ्यात यासिर तणतणत आला. हा संघातला नवा पोरगा, आजचा खरा बारावा. “माझा शर्ट कुठाय?”

“अकराच आलेत रे,” फारूक म्हणाला.

“वा! बाराव्याचा नंबर अकरा जणांना, आणि बारावा उघडा? मग ज्यांच्या अंगावर बारा हाय, त्यांनीच पाणी आणा!” असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला आणि त्यानं काच वर केली. खरं सांगायचं तर त्याचंही काही चुकलं नव्हतं.

स्कोअरर होता समोरच्या जहरा संघाचा सर्फराज. “नियम म्हणजे नियम,” म्हणत त्यानं वहीत जे दिसेल ते लिहायला घेतलं. जहरावाल्यांचा पहिला गडी बाद झाला: झेल बारा, गोलंदाज बारा. पुढचे सातही तसेच. दहा षटकांत त्यांच्या एकाहत्तर धावा झाल्या.

मग विठ्ठल सलामीला उतरला, आणि सात वर्षांचा राग त्यानं त्या टेनिसच्या चेंडूवर काढला. चौतीस धावा! शेवटचा चौकार त्याचाच. बहात्तर झाले, तेही जुम्म्याच्या नमाजाला भरपूर वेळ ठेवून.

बक्षीस ठेवलं होतं मेसवाल्या रामभाऊंनी: सामनावीराला पाच लिटरचा प्रेशर कुकर. रामभाऊ नुकतेच पोचले होते. त्यांनी वही हातात घेतली आणि त्यांचे डोळे विस्फारले. “बहात्तर धावा, आठ विकेटा, वर सगळे झेल! असा खेळाडू मी जन्मात बघितला नाही. बारा नंबर, पुढे या!”

दहा जण पुढे झाले.

“अहो, एक कुकर आहे!”

“त्या बहात्तरात माझ्या दोन हायत,” फारूक म्हणाला. आणि हा कॅप्टन! लाज नाही, शरम नाही. दुसऱ्याचा झेल होता, तिसऱ्याच्या दोन विकेटा. ज्या बाराला सकाळी कोणी हात लावत नव्हतं, तो आता प्रत्येकाला स्वतःचाच हवा होता.

“सर्फराज, तू सांग!”

“मी तोंडं बघत नाय. पोटावरचा आकडा बघतो.”

रामभाऊ वैतागले. “मग यातला खरा बारावा कोण?”

आणि त्यांची नजर विठ्ठलवर गेली. सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती, यासिर काच खाली करत नव्हता, आणि सात वर्षांची सवय. विठ्ठलनं कधी कूलर उचलला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. तो जहरावाल्यांना ग्लास भरून देत होता.

“हा काय!” रामभाऊ ओरडले. “इतकी वर्षं बघतोय मी. बारावा म्हणजे हाच!” आणि त्यांनी कुकर विठ्ठलच्या हातात दिला. टाळ्या कडाडल्या. माहीननं व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन पुढे धरला.

“गो, चौतीस मारलंय मी चौतीस!” विठ्ठल फोनमध्ये ओरडला.

“रन कोण मारता ता काय कळलांच नाय. सगळे बाराच,” अक्षदा कौतुकानं म्हणाली. “पण पाणी वाटूक लागलास, नि सगळ्या वाडीन तुमका बरोब्बर ओळखल्यान!”

विठ्ठलनं कुकर काखेत धरला. मागून गाडीची काच खाली झाली.

“धुरीकाका,” यासिर म्हणाला, “एक ग्लास इकडे पण.”