सुभेदार आबांचा वाइनचा वर्ग

सुभेदार आबांच्या वाइनला ‘छान’ म्हटलं, की ते हातातला ग्लास काढून घेतात. पुण्याच्या एका जोडप्याचे दोन्ही ग्लास त्यांनी माझ्यादेखत परत घेतले. “छान तर आमचं मांजर बी हाय. चव कशाची लागती ते सांगा!”

आबा पलूसला आमच्या शेजारी राहतात. फौजेतून निवृत्त झाले आणि पुतण्याच्या वायनरीत एक कोपरा अडवून बसले. पुतण्याची वाइन गाळलेली, काचेसारखी स्वच्छ. आबांच्या पिंपात मात्र द्राक्षांशिवाय काही पडत नाही. आंबवायला यीस्टची पूड नाही, टिकवायला पावडर नाही.

“द्राक्षाच्या सालीवर आख्खी पलटण बसलेली असती, सिस्टर. मग भाईरनं भाडोत्री कशाला?”

मी मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून मी सिस्टर.

रविवारी सकाळी आबा नवख्यांचा वर्ग घेतात. चाळिशी उलटेपर्यंत मी वाइनला शिवले नव्हते. एकदा भीत भीत जाऊन बसले. पहिला ग्लास आला तो तांदळाच्या धुवणासारखा गढूळ.

“आबा, नासली की काय ही?”

“नासली न्हाई, गाळली न्हाई. ताक काय गाळून पिता व्हय?”

दुसरा ग्लास नारिंगी. मला वाटलं, संत्र्याची असेल. पण ती त्याच पांढऱ्या द्राक्षांची, फक्त महिनाभर सालींसकट मुरवलेली. कडक कोऱ्या चहाने आखडते तशी जीभ आखडली. मग सावकाश, कुठून तरी मागून, आंब्याच्या साटाची चव आली. तिसरी फुसफुशी. आंबताना येणारी उकळी पुरती थांबायच्या आत बाटलीत भरलेली, त्यामुळे उरलेली उकळी आतच कोंडलेली. बूच उडालं तसे आम्ही सगळे दचकलो.

एकच मळा, एकच द्राक्ष आणि तीन तऱ्हा. मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी होतं. “आंब्याचं साट,” एवढंच पुटपुटले. आबांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि माझे शब्द तिच्यावर लिहून घेतले.

त्या दुपारी मी काकूंचं, म्हणजे आबांच्या बायकोचं, ब्लडप्रेशर बघायला गेले. आबा खाटेशेजारी बसून चिठ्ठी वाचत होते. “सिस्टर म्हनाल्या, आंब्याचं साट. सांगलीचा एक मास्तर म्हनाला, नव्या वहीचा वास येतो.” काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

तीन वर्षांपूर्वीच्या तापात काकूंना वास येईनासा झाला, पाठोपाठ चवही गेली. दवाखान्यात त्यांना मीच नेलं होतं. परत येईलच असं डॉक्टर सांगू शकले नव्हते. त्याआधी कुठलं पिंप कधी उघडायचं ते काकू हुंगून ठरवायच्या.

“नाक हिचं हुतं,” आबा हळूच म्हणाले. “मी निस्ती पिंपं ढकलायचो. आता हिला निस्तं छान सांगून काय कळनार?”

काकूंच्या दंडाला पट्टा बांधून मी उगाच आकड्यांकडे बघत राहिले.

गेल्या हंगामात एका रविवारी काकू स्वतःच वर्गाला आल्या. डोक्यावरचा पदर सावरून अगदी कडेला बसल्या. गढूळ प्यायल्या, नारिंगी प्यायल्या, मान हलवून ग्लास खाली ठेवले. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग काकूंनी फुसफुशीचा घोट घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“आवं,” त्या म्हणाल्या, “हे टोचतंय की! हरभऱ्यातनं अनवानी चाललं की पायाला चुनचुनतं, तसं.”

काकूंनी ग्लास पुढे केला. आबा ओतत राहिले, वाइन काकूंच्या बोटांवरून लुगड्यावर ओघळली, तरी ओतत राहिले.

यंदा आबांनी जवळजवळ सगळी पिंपं फुसफुशीसाठी राखली. पुतण्या कुरकुरला, की नवखे लोक नारिंगी मागतात.

“मागू द्यात,” आबा म्हणाले आणि दोरीने बुचं बांधायला बसले.