आमच्या जागी कोण?

उत्तर न दिलेले एक पत्र तीन आठवडे चिटणिसांच्या टेबलाच्या खणात पडून होते. ते तिथे पडले आहे ही गोष्ट त्यांना जेवताना आठवे, दात घासताना आठवे, आणि वर्तमानपत्रामागे तोंड लपवले तरी आठवे.

पत्र तसे साधे होते. त्यांच्या सेवा क्लबाने यंदा तरुण स्वयंसेवकांचा सत्कार करायचे ठरवले होते. कॉलेजची ही मुले-मुली दर रविवारी सकाळी आठ ते बारा वृद्धनिवासात जात. कोणाची दाढी करत, कोणाची नखे कापत, कोणाला चाकाच्या खुर्चीतून बागेत फिरवत, कोणाला वर्तमानपत्र वाचून दाखवत. चिटणिसांनी त्यांना रीतसर निमंत्रण पाठवले आणि अध्यक्षांच्या आग्रहावरून खाली ‘कृपया लेखी कळवावे’ असे घातले. मुलांची म्होरकी, जिला सगळे कॅप्टन म्हणत, तिने खरोखरच लेखी कळवले. ‘सत्काराबद्दल आभार. पण रविवारी सकाळी आम्हाला काम असते. त्या दिवशी आमच्या जागी कोण जाईल तेवढे कळवा, म्हणजे आम्ही येऊ.’

आता याचे उत्तर द्यायचे तर कोणाला तरी ‘तुम्ही जाल का?’ असे विचारायला हवे होते, आणि चिटणिसांनी उभ्या आयुष्यात कोणाला काही विचारले नव्हते. ग्रंथपालाची अख्खी नोकरी त्यांनी केली ती लोक आपण होऊन पुस्तके परत आणतील या आशेवर. चिटणीसपदही त्यांना असेच मिळाले होते. ‘कोणाची काही हरकत?’ असे विचारले गेले तेव्हा ते गप्प बसले, एवढेच. पत्राच्या उत्तराचे कच्चे खर्डे मात्र त्यांनी पुष्कळ केले. एक फार कोरडा वाटला, दुसरा फार लाडिक, आणि तिसरा वाचल्यावर आपण माफी मागतो आहोत की नोकरी, हेच त्यांना कळेना. तिन्ही खर्डे पत्राच्या सोबतीला खणात गेले.

सत्कार रविवारी. शनिवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात कॅप्टन उभी, काखेत सायकलचे हेल्मेट.

“आजोबा, पत्राचं उत्तर काही आलं नाही तुमचं. म्हणजे सोय झाली, असंच समजू ना?”

चिटणीस हसले. नाही म्हणायची वेळ आली की ते हसत.

“मग झालं तर! सगळे येतो आम्ही. आईबाबांनाही आणतोय. माझी आजी तर स्टेज नीट दिसावं म्हणून नवा चष्मा करून आलीय. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातलं कोणी स्टेजवर जातंय.”

ती गेली. चिटणीस दार धरून तसेच उभे राहिले. त्यांना तो नवा चष्मा दिसू लागला.

“कोण जाणारे त्यांच्या जागी?” आतून बायकोने विचारले.

“बघतो.”

“काय बघता? भिंत? फोन करा त्या अध्यक्षांना!”

अध्यक्ष फर्निचरच्या दुकानाचे मालक. त्यांच्या आवाजाने दुकानातल्या कपाटांची दारे आपोआप उघडतात, असे त्यांचे नोकर म्हणत.

“हे तुम्ही आज सांगताय, चिटणीस?”

“नाही म्हणजे... मी लिहिणारच होतो...”

“बरं, सोडा! आपणच जाऊ. मी, तुम्ही आणि डॉक्टर. आठ ते दहात सेवा उरकू, साडेदहाला सत्कार. भाषणातही सांगता येईल तसं. आणि हो, पोरांना ती सेवेला घालतात ती पिवळी जॅकेटं घालून यायला सांगा. फोटोत उठून दिसतात.”

डॉक्टर म्हणजे क्लबाचे खजिनदार. ते दातांचे डॉक्टर होते आणि निवृत्त झाल्यापासून डोकवायला एकही तोंड न मिळाल्याने उदास असत. ते एका पायावर तयार झाले.

रविवारी सकाळी तिघे वृद्धनिवासाच्या फाटकाशी पोहोचले. प्रत्येकाच्या हातात एक बॅग, बॅगेत सत्काराला घालायचा कोट. अध्यक्ष फाटकाच्या बिजागऱ्यांबद्दल रखवालदाराला चार शब्द सुनावत मागे राहिले, डॉक्टर बुटाची नाडी बांधायला वाकले, म्हणून आत पहिले पाऊल चिटणिसांचे पडले.

समोर सिस्टर उभ्या होत्या. रविवारच्या पाळीवर त्या प्रथमच आल्या होत्या. दुसऱ्या एका वृद्धनिवासात नळदुरुस्ती निघाली होती आणि तिथले काही लोक आज इकडे मुक्कामाला यायचे होते. पिवळ्या जॅकेटातली मुले तेवढी मदतीची, एवढीच त्यांना माहिती होती. आणि पिवळे जॅकेट तर इथे कोणाच्याच अंगावर नव्हते.

“या आजोबा! नळदुरुस्तीमुळे तुम्ही इकडे राहायला येणार ते सांगितलंय मला. बॅग द्या इकडे. प्रवासाने दमलात ना?”

इथे चिटणिसांनी ‘नाही, आम्ही ते नव्हे’ एवढे म्हणायला हवे होते. पण सिस्टरनी त्यांची बॅग इतक्या मायेने घेतली, कोपराला धरून इतके हळू खुर्चीत बसवले, की त्यांना एकदम तोंडघशी पाडणे चिटणिसांना प्रशस्त वाटेना. ते हसले.

मागून आलेल्या दोघांकडून सिस्टरनी मोबाइल, घड्याळे आणि गाडीची किल्ली काढून घेतली आणि सगळे कपाटात ठेवून कुलूप लावले.

“शिस्त आहे बरं का इथे!” अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. “सेवेच्या वेळी मोबाइल नकोच.”

चिटणिसांनी त्यांना कोपऱ्यात गाठून खरे सांगायचे ठरवले. कोणत्या शब्दांत सुरुवात करावी याचा विचार चालू होता, तोवर अध्यक्षांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून झाला होता.

“अहो, माझं कसलं तपासता? मी इथे काम करायला आलोय. मी अध्यक्ष आहे!”

“हो का? छान!” सिस्टर हवा भरत म्हणाल्या. “चार नंबरच्या खोलीत न्यायाधीश आहेत. ओळख करून देते हं. ओरडू नका, बघा किती वर गेलंय!”

ते खरेच वर गेले होते, आणि अध्यक्ष जसजसे बोलत होते तसतसे आणखी चढत होते. सिस्टरनी त्यांना आडवे केले आणि अर्धा तास उठायचे नाही असे बजावले.

इकडे डॉक्टरांकडे कोणाचे लक्ष नव्हते. प्रत्येक खाटेशेजारी वाटीत पाण्यात घालून ठेवलेल्या कवळ्या पाहताच त्यांचे डोळे चमकले. ‘ही काय स्वच्छता म्हणायची!’ असे पुटपुटत त्यांनी सगळ्या वाट्या एका मोठ्या घमेल्यात रिकाम्या केल्या आणि बाथरूमचे दार लावून घेतले. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा घमेल्यातले दात झुंबरासारखे लखलखत होते. कोणते कोणाचे, एवढेच आता सांगता येत नव्हते.

नाश्त्याच्या वेळी हे उघडकीला आले. न्यायाधीशांच्या तोंडात शेजारच्यांची कवळी बसली आणि ते रागावलेले असतानाही हसू लागले. एका आजींनी हाती आलेली खालची कवळी वर बसवून पाहिली. जेवणाच्या खोलीत एकच गलका झाला.

“हे कोणी केलं?” सिस्टर कडाडल्या.

“मी! पण मी दातांचा डॉक्टर आहे,” डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

सिस्टरनी एकदा आडव्या झालेल्या अध्यक्षांकडे पाहिले, एकदा घमेले पोटाशी धरलेल्या डॉक्टरांकडे पाहिले, आणि मग चिटणिसांकडे वळून हळूच विचारले, “आणि तुम्ही कोण, आजोबा?”

“मी... कोणी नाही,” चिटणीस म्हणाले.

“तुम्ही एक तेवढे शहाणे आहात,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांना एका आजींशेजारी बसवून हातात वर्तमानपत्र देऊन गेल्या. आजींना दिसत नव्हते. चिटणीस वाचू लागले. आजी मधेच थांबवत, “कोण म्हणालं असं? लबाड आहे मेला. पुढे वाचा!” काही वेळ चिटणीस सगळे विसरले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. साडेदहा केव्हाच वाजून गेले होते.

तिघे फाटकाकडे धावले. म्हणजे त्या वयात धावतात तसे. रखवालदार काठी आडवी धरून उभा.

“नातेवाइकाशिवाय बाहेर नाही, काका.”

“अरे, आमचा कार्यक्रम आहे! हॉलमध्ये माणसं बसलीयत! चषक माझ्या गाडीत आहेत!” अध्यक्ष गरजले.

“असेल हो. कालच एक जण म्हणाले, माझं विमान चुकतंय. त्यांनाही मी आत नेऊन चहा दिला.”

“सकाळी मी तुला बिजागऱ्यांना तेल घालायला सांगितलं नाही का?”

“इथं सगळेच मला काही ना काही सांगतात, काका.”

अध्यक्षांनी हात टेकले. डॉक्टर पायरीवर बसले. चिटणिसांच्या डोळ्यांसमोर हॉल उभा राहिला. रिकामे स्टेज, ओळीने बसलेली पिवळी जॅकेटे, त्यांचे आईबाप एकमेकांकडे बघताहेत, आणि पहिल्या रांगेत तो नवा चष्मा. ते वळले आणि थेट सिस्टरसमोर जाऊन उभे राहिले.

“सिस्टर, आम्ही इथे राहायला आलेलो नाही. ते खरंच अध्यक्ष आहेत. ते खरंच दातांचे डॉक्टर आहेत. मी सकाळी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला बोलायला उशीर होतो. पण मुलं वाट बघतायत, आणि त्यांची काही चूक नाही. आम्हाला सोडा.”

इतके लांब ते गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते. सिस्टरनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आले होते त्यांच्या.

“मुलं येतील हं, आजोबा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचीच येतात असं नाही, पण तुमची येतील.”

आणि खरोखरच फाटकाबाहेर सायकलींच्या घंटा वाजल्या. पिवळ्या जॅकेटांची अख्खी फौज आत आली, पुढे कॅप्टन.

“काय झालं इथे?” तिने विचारले. “हॉलमध्ये ना अध्यक्ष, ना चषक, फोन कोणाचा लागत नाही. म्हटलं, इथे नक्की काहीतरी गोंधळ असणार.” तेवढ्यात तिला घमेले दिसले. “अरे देवा!”

मुलांनी एकमेकांना काही सांगितलेसुद्धा नाही. दोघे कवळ्यांना लागले, एकजण आजी-आजोबांच्या तोंडांची मापे आठवू लागला, एकीने न्यायाधीशांना समजावले. कॅप्टनने सिस्टरकडून तिघांच्या वस्तू सोडवल्या आणि त्यांना घेऊन ती फाटकाशी आली.

“हे माझे आहेत, दादा. सोडा त्यांना.”

“तिघेही?” रखवालदाराने कीव येऊन विचारले.

“तिघेही. माझी जबाबदारी.”

बाहेर पाऊल पडताच अध्यक्षांचा आवाज परत आला. “चला! अजून वेळ गेलेली नाही. सगळ्यांना बोलवा, हॉलवर जाऊ!”

“आता कसलं हॉलवर? दात जुळवायला दुपार होईल,” कॅप्टन म्हणाली. “आजीला घरी पाठवलं मी.”

“मग पुढच्या रविवारी! सकाळी साडेदहा!”

कॅप्टनने चिटणिसांकडे पाहिले. “आमच्या जागी कोण?”

अध्यक्ष गाडीची किल्ली न्याहाळू लागले. डॉक्टर चष्मा पुसू लागले. चिटणिसांना हसू येऊ लागले होते, ते त्यांनी आवरले.

“लेखी कळवतो,” ते म्हणाले.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. मधे दोनदा ती पदर तोंडाला लावून आत जाऊन आली. मग म्हणाली, “पण काय हो, त्यांचं काम सकाळी असतं तर सत्कार संध्याकाळी ठेवायला काय धाड भरली होती?”

हे तीन आठवड्यांत चिटणिसांच्या डोक्यात आले नव्हते, आणि कालपासून अध्यक्षांच्याही नाही. अध्यक्षांना संध्याकाळी टीव्ही बघायचा असतो, म्हणून कार्यक्रम सकाळी. हे इतके ठरलेले होते की त्यावर कोणी विचारच केला नव्हता.

ते टेबलाशी बसले. खर्डा केला नाही. ‘सत्कार पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, वृद्धनिवासाच्या जेवणाच्या खोलीत,’ त्यांनी लिहिले. ‘तुमच्या आजींना पहिल्या रांगेत जागा ठेवली आहे. सकाळी तुमच्या जागी कोणी जाण्याची गरज नाही. मात्र तुमच्याबरोबर मी येईन. एक पिवळे जॅकेट जास्तीचे असल्यास आणावे. नसल्यास मला आत घेतील, पण बाहेर सोडणार नाहीत.’

सही करून, पाकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पत्र फटीत अर्धे आत सरकवल्यावर त्यांना आठवले की वेळेबद्दल अध्यक्षांना विचारायचे राहिलेच. हात थांबला. रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, परत आली, तरी ते तसेच उभे होते.

मग त्यांनी बोटे सैल सोडली. पत्र तळाशी पडल्याचा बारीक आवाज झाला.