तीन देवांचे दार

ॲव्हेंटाइन टेकडीवरच्या आमच्या गल्लीत, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, ओपियस तेलवाल्याच्या घराचे दार उघडले नाही. घटना एवढीच. दारे अधूनमधून अडतात आणि त्यामुळे रोमचे राज्य बुडत नाही. पण या दाराबाहेर ओपियसची नवी सून टर्पिलिया केशरी ओढणी घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे मशाली, बासरीवाले आणि उधळलेल्या अक्रोडांसाठी एकमेकांना ढकलणारी सगळी वरात.

दुसऱ्या दिवशी मे लागत होता. मे हा मेलेल्यांचा महिना, त्यात आमच्याकडे लग्न लागत नाही. पुढेही वेस्टादेवीच्या देवळातला केर जूनच्या मध्यावर टायबर नदीत पडेपर्यंत मुहूर्त नाही. म्हणजे अंधार पडायच्या आत सून घरात आली तर ठीक, नाही तर दीड महिना टांगणीला. बरे, तिला माहेरी परत धाडावे तर माहेरच्या देवांचा निरोप सकाळीच घेऊन झालेला. निरोप घेतलेल्या देवांसमोर जाऊन 'मी पुन्हा आले' म्हणायची सोय आमच्या धर्मात नाही. पोरीला रस्त्याखेरीज घर उरले नव्हते.

"मी खांदा लावू का जरा?" नवरदेव मानियसने विचारले.

"गप बस," ओपियस म्हणाला. "दार कुणाच्या अखत्यारीत येतं ते आधी बघू."

देवांच्या बाबतीत आम्ही रोमन लोक हात आखडता घेत नाही. एका दाराला आमच्याकडे तीन देव असतात. फळ्यांचा फोर्क्युलस, बिजागऱ्यांची कार्डिया आणि उंबऱ्याचा लिमेंटिनस. तिघांचे सेवक वेगळे, नैवेद्य वेगळा. एकाच्या कामात दुसऱ्याने नाक खुपसायचे नाही, या एका गोष्टीवर मात्र तिघांचे एकमत आहे.

तिन्ही सेवकांना बोलावणे गेले. फोर्क्युलसच्या सेवकाने आल्या आल्या हुकूम सोडला की निर्णय होईपर्यंत दाराला आतून वा बाहेरून कुणीही हात लावू नये. मग त्याने फळ्या निरखल्या. "दार उघडत नाही हे खरं आहे. पण त्यात फळ्यांचा काही दोष नाही."

कार्डियाचा सेवक म्हणाला, "दार फिरता फिरता अडलं तर आमच्याकडे यायचं. हे मुळात फिरतच नाहीये. आमचा संबंध येतो कुठे?"

लिमेंटिनसच्या सेवकाने गुडघे टेकून उंबऱ्याचा वास घेतला. "उंबरा जागेवर आहे," तो म्हणाला. "उंबऱ्यानं याहून जास्त काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?"

इतक्यात आतून आवाज आला. ओपियसची बायको सात्रिया तमालपत्रांवर लग्नाच्या पोळ्या भाजत मागच्या स्वयंपाकघरात होती. तिथे तिला वरात आल्याचे उशिरा कळले होते. "अहो, ऐकलंत का? आतून ना—"

"गप्प!" तिघे सेवक एका सुरात म्हणाले. "तपासणी चालू असताना आतून बोलणं हा अपशकुन आहे."

अखेर तिन्ही देवांना एकत्र नैवेद्य दाखवायचे ठरले. तेव्हा कुणाला तरी आठवले की दाराच्या चौकटीतली पोकळी यानसदेवाची. मग त्याचा सेवक आला, आणि पोकळीसमोर आपल्या परवानगीशिवाय कुणी उभे राहायचे नाही म्हणाला. ती परवानगी मिळवण्यात ऊन टेकडीखाली उतरले. मग मंत्र सुरू झाले. आमच्या मंत्रात एक अक्षर चुकले किंवा मध्येच कुणी बोलले, तर सगळे पहिल्यापासून.

"अहो, मी काय म्हणते—" आतून सात्रिया.

सगळे पहिल्यापासून. नैवेद्याचे डुकराचे पिल्लू वाया गेले, दुसरे आणले. बासरीवाल्यांना गाल फुटेपर्यंत फुंकायला सांगितले, म्हणजे सात्रियाचा आवाज देवांच्या कानावर पडणार नाही.

"सासूबाई काहीतरी सांगतायत," टर्पिलिया म्हणाली. सकाळपासून उपाशी होती बिचारी, पाय दुखून आले होते. मला तिची फार दया आली. मी ऑलिव्हचा व्यापारी, दोन ऑलिव्ह पुढे केलीही असती, पण नैवेद्याआधी तिने खावे की नाही हे कुठल्या सेवकाला विचारायचे ते कळेना.

"मुली, तू अजून या घरात आलेली नाहीस," ओपियस म्हणाला. "आलीस की मत दे."

"मग त्यांचं तरी ऐका. त्या तर आतच आहेत."

"आत आहे म्हणून तर ऐकता येत नाही."

मशाली विझत आल्या तेव्हा यानसच्या सेवकाला तोडगा सुचला. "रोम वसवताना रोम्युलसनं नांगर फिरवून शहराची भिंत आखली, ती पवित्र. सख्ख्या भावानं ती उडी मारून ओलांडली, तर त्यालाही त्यानं ठार केलं. पण ती भिंत शहराची. घराच्या भिंतीचा देव कोण?"

सेवकांनी एकमेकांकडे पाहिले. कुणीच नव्हता.

"मग फोडा."

मानियसने दिवसभराचा राग पहारीवर काढला. अंधार पडता पडता भगदाड झाले आणि त्याने बायकोला उचलून विटांवरून आत नेले. गल्लीने जल्लोष केला, काहीजण रडलेही.

आत सात्रिया पिठाचे हात घेऊन उभी होती. तिच्या शेजारी दार होते, आणि दाराला आतून जाडजूड अडसर घातलेला होता.

"मीच लावला दुपारी," ती म्हणाली. "घर उघडं टाकून मागं कशी बसू? काढायला आले तर म्हणालात, हात लावू नकोस. सांगायला गेले तर म्हणालात, बोलू नकोस. आता काढू का?"

फोर्क्युलसच्या सेवकाने वाकून अडसर निरखला. "अडसराचा देव कोणता?"

तोही कुणी नव्हता.

"तर मग काढायची परवानगी देणार कोण?"

तो अडसर अजून तसाच आहे. ओपियसकडची माणसे भगदाडातून जा-ये करतात. भगदाडाला आता स्वतंत्र देव नेमला असून त्याचा सेवक यानसच्या सेवकाचा मेव्हणा आहे. टर्पिलियाला वर्षाच्या आत जुळे मुलगे झाले, तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणाची सून दाराने येत नाही. एकाने आणून पाहिली, तर त्याच्या पंगतीला कुणी बसले नाही. या जूनमध्ये माझ्या मुलाचे लग्न आहे. गवंडी सांगून ठेवला आहे. "आपलं दार तर चांगलं उघडतं की," बायको म्हणाली. मी म्हटले, "उघडू दे. करतात तसं करायचं."

तुम्हाला हसू येत असेल. मनमुराद हसा. फक्त तुमची नवी सून उद्या माप न ओलांडता, डावा पाय पुढे टाकून घरात शिरली, तरी असेच हसत राहा म्हणजे झाले.